भाकर मोडण्यापूर्वी : ख्रिस्ती उपकारस्तुतीचा एक शोध

गोष्ट तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची. नगरच्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधक होतो. शेजारच्या टेबलावरचा मित्र ख्रिस्ती होता. एका दुपारी तो मला घरी जेवायला घेऊन गेला. ताटात बाजरीची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि फोडलेला कांदा. भूक चांगलीच लागली होती. मी तुकडा मोडला, पिठल्यात बुडवून तोंडाशी नेला, तेव्हा लक्षात आले की बाकी कोणी जेवायला सुरुवातच केलेली नाही. मित्राची आई डोळे मिटून, हात जोडून बसली होती. मी घास गुपचूप ताटात ठेवला. तिने दोन-तीन वाक्यांत देवाचे आभार मानले. आजच्या भाकरीबद्दल, आलेल्या पाहुण्याबद्दल, मुलाला मिळालेल्या कामाबद्दल. आणि शेवटी, आज ज्यांच्या घरी चूल पेटली नसेल त्यांची आठवण केली. मग डोळे उघडून मला म्हणाली, "जेव बाबा, लाजू नको. देवाला भुकेचं कळतं."

जेवणाआधी देवाचे नाव घेणे मला नवे नव्हते. आमच्या घरी रामदासांचा श्लोक म्हटल्याशिवाय पहिला घास घेत नसत. तरी त्या दुपारची एक गोष्ट मनात राहून गेली. त्या घरात महिनाअखेरीला पीठ उसने आणावे लागे, हे मला ठाऊक होते. मग ती माउली नेमके कशाचे आभार मानत होती? आणि त्याहून अवघड प्रश्न: माझे ताट भरलेले आहे म्हणून देवाचे आभार मानायचे, तर शेजारच्याचे रिकामे ताट कोणाच्या खात्यावर घालायचे? अशी कृतज्ञता म्हणजे सुखवस्तू माणसाने आपल्या सुखावर मारलेली देवाची मोहोर तर नव्हे?

मी धर्मशास्त्राचा पदवीधर नाही. ग्रीक अक्षरे जुन्या बाजारात मिळालेल्या एका प्राथमिक पुस्तकावरून गिरवली. पण प्रूफे तपासणाऱ्याला एक सवय लागते: कोणता शब्द कुठे आणि किती वेळा आला, हे तो बघतो. त्या सवयीनेच या प्रश्नाच्या मागे लागलो.

एक क्रियापद, चार जागा

मराठी बायबलमध्ये ‘उपकारस्तुती’ हा शब्द वारंवार भेटतो. नव्या करारात त्याच्यामागे पुष्कळदा ‘युखारिस्तेओ’ हे ग्रीक क्रियापद असते. आभार मानणे, हा त्याचा साधा अर्थ. त्याचे नाम ‘युखारिस्तिया’. चर्चमधल्या सर्वांत पवित्र विधीला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस यांच्या प्रभूभोजनाला, जगभर जे ‘युखारिस्त’ नाव आहे ते यावरूनच. ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी असलेल्या विधीचे नावच ‘आभार’ असे आहे.

लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानात हे क्रियापद चार वेळा येते. त्यांतले दोन उल्लेख अखेरच्या भोजनातले. येशू पेला घेऊन आभार मानतो, मग भाकर घेऊन आभार मानतो. उरलेले दोन सतराव्या आणि अठराव्या अध्यायांत, अगदी जवळजवळ आहेत. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला या दोन जागांमध्ये सापडू लागले.

सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात. नऊ जण आपल्या वाटेने जातात. एकच परत येतो, मोठ्याने देवाचा गौरव करतो आणि येशूच्या पायांवर पडून आभार मानतो. तो शोमरोनी असतो. यहुदी समाज ज्यांच्याशी संबंध ठेवत नसे, त्यांच्यातला. रोगाने तो गावाबाहेर होता, आणि जन्माने तर होताच.

अठराव्या अध्यायात दोन माणसे मंदिरात प्रार्थनेला जातात. त्यांतला एक परुशी, म्हणजे नेमधर्म कसोशीने पाळणारा. तो उभा राहून देवाचे आभार मानतो. कशाबद्दल? आपण इतर लोकांसारखे लुटारू, अन्यायी, व्यभिचारी नाही, आणि मागे उभ्या असलेल्या त्या जकातदारासारखेही नाही, याबद्दल. आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दहावा भाग देतो, हेही तो देवाला सांगतो. येशू सांगतो की देवाच्या लेखी नीतिमान ठरून घरी गेला तो हा नव्हे, तर छाती बडवणारा जकातदार.

क्रियापद दोन्हीकडे तेच. म्हणजे आभार मानले की पुण्य झाले, असे लूक म्हणत नाही. शोमरोनी माणसाचे आभार त्याला देणाऱ्याच्या पायांशी नेतात. परुश्याचे आभार त्याला शेजाऱ्यापासून दूर नेतात; आपल्या ताटाची आणि दुसऱ्याच्या ताटाची तुलना, हाच त्याच्या कृतज्ञतेचा मजकूर आहे. मला जी शंका सतावत होती ती श्रद्धेच्या बाहेरून आलेली टीका आहे असे मी समजत होतो. प्रत्यक्षात ती शुभवर्तमानातच नोंदवलेली होती.

उरता कामा नये

यामागचा धागा जुन्या करारापर्यंत जातो. ‘लेवीय’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात आभाराच्या अर्पणाचा विधी आहे. त्याला हिब्रूमध्ये ‘तोदा’ म्हणतात. आजही इस्राएलमध्ये रस्त्यावर कोणी ‘थँक यू’ म्हणायचे तर ‘तोदा’ म्हणतो. या अर्पणात पशुबळीबरोबर बेखमीर आणि खमीर घातलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या भाकरी असत. त्यातला नियम मोठा मजेशीर आहे: मांस त्याच दिवशी संपले पाहिजे, सकाळपर्यंत काही ठेवायचे नाही. एका कुटुंबाला एका दिवसात एवढे संपणे कठीण. ज्यू भाष्यकारांनी या नियमाचा अर्थ लावला, तो असा की आभार मानणाऱ्याने माणसे बोलवावीत, त्यांच्याबरोबर जेवावे आणि आपल्यावर काय प्रसंग आला होता ते सांगावे. काशीयात्रेहून परतल्यावर मावंदे घालणाऱ्या आपल्या समाजाला हे समजावून सांगायला नको.

‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवायला सांगितले आहे. टोपली ठेवताना शेतकऱ्याने आपल्या पूर्वजांची कहाणी म्हणायची: भटकंती, मिसरातली गुलामी, सुटका. आणि मग त्या आनंदात जमीन नसलेला लेवी आणि गावात राहणारा परका या दोघांनाही सामील करून घ्यायचे. स्वतः कधीकाळी परके होतो, ही आठवण त्या टोपलीतच बांधलेली आहे.

साठवण्याविरुद्धचा इशारा ‘निर्गम’च्या सोळाव्या अध्यायातही आहे. रानात भुकेलेल्या लोकांना आकाशातून मान्ना मिळतो. प्रत्येकी एक ओमर, म्हणजे एका दिवसाला पुरेल इतका गोळा करायचा. ज्यांनी उद्यासाठी ठेवला त्यांच्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा.

‘रोजची’ म्हणजे नेमकी कोणती?

मान्नाची ही गोष्ट डोक्यात ठेवून येशूने शिकवलेल्या प्रार्थनेकडे पाहावे. तिच्यात अन्नाचे जे एकच मागणे आहे, त्यातल्या ‘रोजची’ या विशेषणाने विद्वानांना दोन हजार वर्षे दमवले आहे. मूळ ग्रीक शब्द ‘एपिऊसिओस’. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या पंडिताची मातृभाषा ग्रीक होती. त्यानेही लिहून ठेवले की हा शब्द ना विद्वानांच्या वापरात आहे ना सामान्यांच्या, शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिन भाषांतर सिद्ध केले, तेव्हा त्याने याच शब्दासाठी लूकमध्ये ‘दररोजची’ असा शब्द ठेवला आणि मत्तयमध्ये ‘अस्तित्वापलीकडची’ अशा अर्थाचा. आजची, उद्याची, जगण्यापुरती, स्वर्गीय, असे सगळे अर्थ सुचवले गेले आहेत. एक गोष्ट मात्र त्या मागण्यात स्पष्ट आहे: मागायचे ते ‘आज’साठी, आणि ‘मला’ नव्हे तर ‘आम्हांला’.

‘भाकर’ हा शब्दही सहज आलेला नाही. मूळ शब्द ‘आर्तोस’, पॅलेस्टाइनमधली गव्हाची किंवा जवाची रोटी. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना जेवू घालण्याची कथा आहे. त्यात मुलाजवळच्या पाच भाकरी जवाच्या होत्या, असे मुद्दाम सांगितले आहे. जव म्हणजे गरिबाचे धान्य. मराठी भाषांतरकारांना ‘अन्न’ किंवा ‘पोळी’ हे शब्द वापरता आले असते. त्यांनी ज्वारी-बाजरीच्या मुलखातला शब्द घेतला. गोव्याच्या कोंकणी प्रार्थनेत याच जागी ‘गिरास’ आहे, म्हणजे घास. पोर्तुगीजांनी गोव्यात पाव रुजवला, तरी प्रार्थनेत राहिला तो घासच.

पण जिथे ‘आम्हांला’ म्हणून मागायचे तिथे ‘मी’ एकटाच जेवू लागलो तर? हे पहिल्याच पिढीत घडले होते. करिंथच्या मंडळीत प्रभूभोजनाला सधन लोक आधी येऊन खाऊनपिऊन तर्र होत आणि गरीब उपाशी राहत. पौल त्यांना पत्राने झाडतो: हे प्रभूचे भोजन नव्हेच. शंभरएक वर्षांनी, इ. स. १५५च्या सुमारास, जस्टिन नावाच्या लेखकाने रोमन सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहिले. वाचन होते, प्रार्थना होते, भाकरीवर आभार मानले जातात, ती वाटली जाते, जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी पोचवली जाते. आणि ऐपत असलेले लोक स्वेच्छेने जे देतात ते अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांच्यासाठी ठेवले जाते. हे सगळे एकाच परिच्छेदाच्या ओघात येते.

वादळात, साथीत

सुखात आभार मानणे सोपे, दुःखात काय, असे कोणी विचारील. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात एक जहाज आहे. त्यावर २७६ माणसे, आणि चौदा रात्रींचे वादळ. पौल कैदी म्हणून रोमला नेला जात आहे. पहाटे तो सगळ्यांसमोर भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खाऊ लागतो. ते बघून बाकीच्यांना धीर येतो आणि तेही जेवतात. त्यानंतर जहाज फुटतेच. पण सगळे किनाऱ्याला लागतात. पौलाने आभार मानले ते वादळाबद्दल नव्हेत, वादळात हाती असलेल्या तुकड्याबद्दल. त्याने थेस्सलनीकाकरांना लिहिले तेही सर्व परिस्थितीत आभार माना असे. सर्व परिस्थितीबद्दल असे नव्हे. ही विभक्ती नीट वाचली नाही की दुःखी माणसाला ‘देवाचे आभार मान’ असा निर्दय उपदेश करायला लोक मोकळे होतात.

जर्मनीतल्या आयलेनबुर्ग गावचा पाळक मार्टिन रिंकार्ट याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तीस वर्षांच्या युद्धात तटबंदीच्या त्या गावात निर्वासितांची गर्दी झाली, आणि १६३७ साली प्लेग आला. गावातले इतर पाळक मेले किंवा निघून गेले. रिंकार्टने चार हजारांहून अधिक माणसांचे अंत्यविधी केले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्यांत त्याची पत्नीही होती. मग दुष्काळ आला. घरच्यांपुरते जेमतेम ठेवून तो उरलेले वाटत राहिला आणि पुढे स्वतः कर्जात बुडाला. देवाचे आभार मानणारे त्याचे स्तोत्र आज जर्मनीत राष्ट्रीय समारंभांत गातात. पण मुळात ती घरच्या जेवणाच्या वेळी म्हणायची छोटी प्रार्थना होती.

आपल्याकडची भाकर

आता पुन्हा नगरकडे येतो. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आले. १८४२ साली तिथूनच ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. पुढे या मुलखात जे ख्रिस्ती झाले त्यांत महार आणि मांग समाजांतली माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांच्यासाठी ‘भाकर’ हा शब्द कसा होता, हे आपल्याला दलित आत्मकथनांनी सांगितले आहे. येसकराच्या पाळीवरचा महार दिवसभर गावाची कामे करी आणि संध्याकाळी घरोघर भाकर मागत फिरे. तो त्याच्या कामाचा मोबदला होता, हक्क होता. पण पदरात पडे ती वरून टाकलेली, शिळीपाकी. आणि वर ‘उपकार झाले’ म्हणावे लागे.

पुष्कळ वर्षांनी मी मित्राच्या आईला त्या दुपारची आठवण करून दिली आणि जेवणाआधीची प्रार्थना तिला कोणी शिकवली, ते विचारले. ती म्हणाली, "माझ्या आजीनं. आजी लहानपणी पाटी घेऊन दारोदार भाकर गोळा करायची. बाप्तिस्मा झाल्यावर ती सांगायची, भाकर देवाची. एकदा देवाची म्हटली, की मग पाटलाच्या पाया कशाला पडायचं? त्याच्याकडून घ्यायची ती मजुरी."

हे ऐकले तेव्हा ‘उपकारस्तुती’ हा शब्द मला पहिल्यांदा पुरता कळला. मराठीत ‘आभारा’तही भार आहे आणि ‘उपकार’ तर फेडावे लागतात. गावगाड्यात खालच्या माणसाच्या डोक्यावर हे ओझे कायमचे. देवाचे उपकार मानल्याने ते ओझे वाढले असेल असे मी गृहीत धरले होते. त्या आजीच्या बाबतीत ते उतरले होते. देणारा एकच आहे म्हटल्यावर बाकी सारे घेणारे, पाटीलही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिशनच्या आवारात नवा साहेब होता, त्याच्या हातात नोकऱ्या आणि शाळा होत्या, आणि त्याचेही उपकार मानावे लागत. दुष्काळात बाप्तिस्मा घेतलेल्यांना ‘पोटासाठी बाटले’ असे हिणवले गेले. या टोमण्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी एवढेच म्हणेन की ज्या धर्माच्या रोजच्या प्रार्थनेतच भाकर मागितली आहे, त्या धर्माला पोटाची लाज वाटण्याचे कारण नाही. लाज वाटायची तर ती उपाशी माणसाच्या भुकेवर अटी घालणाऱ्याला वाटावी, मग तो कोणीही असो.

पंडिता रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. १८७०च्या दशकात, दुष्काळाच्या दिवसांत, त्यांनी वडील, आई आणि थोरली बहीण गमावली. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना आपल्या आश्रयाला आणले. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, छापखाना चालवला. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेले सोप्या मराठीतले बायबल त्याच छापखान्यात तिथल्या स्त्रियांनी जुळवले, छापले. १९२२ साली, मृत्यूच्या थोडे आधी, त्यांनी ते काम संपवले. खिळे जुळवणाऱ्या त्या बायकांच्या हाताखालून ‘आज’ची भाकर मागणारी ती ओळही गेली असणार. माझ्यातल्या मुद्रितशोधकाला त्या प्रुफाचा हेवा वाटतो.

लक्ष्मीबाई टिळकांचा प्रवास वेगळ्या दिशेने त्याच ताटापाशी येतो. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना त्यांच्या वडिलांचे सोवळे आठवत असेल. मीठसुद्धा धुऊन घेणारे घर ते. अशा घरातल्या मुलीने पुढे, बाप्तिस्म्यापूर्वीच, कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. एकीकडे वरून टाकलेली भाकर घेणारी पोर, दुसरीकडे कोणाच्या हातचे न खाणाऱ्या घरातली लेक. दोघींना एका पंगतीत बसवणे हे त्या प्रार्थनेतल्या ‘आम्हां’चे काम होते. ते पुरते झाले, असे ख्रिस्ती समाजातली जात पाहिल्यावर म्हणवत नाही.

शेत नसलेला हंगाम

मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ साजरा होतो. भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात, त्यांना आशीर्वाद दिला जातो. गोव्यात राय गावी ५ ऑगस्टला आणि ताळगावला २१ ऑगस्टला कणसाचे फेस्त असते. कोकणातल्या नवान्न पौर्णिमेचे आणि या सणांचे नाते सांगायला नको. मुंबईतल्या कित्येक गावठाणांच्या भोवती आता भाताचे एक खाचरही उरलेले नाही. लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. वरवर पाहता हे पोकळ वाटेल. पण पिकवणारे हात आपले नाहीत हे एकदा लक्षात आले, तर आभाराची यादी लांबते, आखूड होत नाही.

नगरकडच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला लोक पिकातले काहीतरी आणतात: धान्य, भोपळा, अंडी, कोंबडी, लोणच्याची बरणी. उपासना झाल्यावर अंगणात लिलाव होतो. काही वर्षांपूर्वी मित्राने मला नेले होते. एका म्हातारीने परसातला एक दुधी आणला होता. पहिल्याने तो दोनशेला घेतला आणि तिथेच परत ठेवला: "पुन्हा बोली लावा." दुसऱ्याने तीनशेला घेतला, त्यानेही परत ठेवला. असा तो चार वेळा विकला गेला. पैसे मंडळीतल्या एका मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी गेले. त्या म्हातारीने काय दिले होते, आणि किती, याचा हिशेब मी मनात करू लागलो आणि सोडून दिला.

मित्राची आई आता नाही. त्या घरी मी अजून अधूनमधून जेवतो. आता प्रार्थना सून करते, आणि शेवटी चूल न पेटलेल्या घरांची आठवण तशीच येते. सासूने शिकवलेले आणखी एक तिने सोडलेले नाही: मोजून भाकरी करताना एक जास्त करते. कोणासाठी, असे मी एकदा विचारले.

ती म्हणाली, "ते अजून ठरलेलं नसतं, भाऊजी. कोणीतरी येतंच."